बिजलीची साक्ष

"चोरामारेकऱ्यांची बाजू घेतीस, तुला झोप तरी कशी लागती गं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, विहाराच्या पायरीवर, एसटी स्टँडवर आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना विचारला गेलाय. मी अ‍ॅडव्होकेट प्रियदर्शनी शिंगे. वय एकतीस, राहणार जयसिंगपूर, रोज सकाळी रेल्वेनं कोल्हापूर, मग कसबा बावड्याचं कोर्ट. काम फौजदारी, आणि तेही आरोपीच्या बाजूनं. झोप मला उत्तम लागते. फक्त उलटतपासाच्या आदल्या रात्री लागत नाही, पण ती भीतीमुळं लागत नाही असं समजू नका. सहलीच्या आदल्या रात्री पोरांचं जे होतं, तेच माझं होतं.

मी न्यायाधीश व्हावं अशी बाबांची फार इच्छा होती. बाबा पोस्टात होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पत्रं ज्याच्या त्याच्या दारात बिनचूक टाकली, तेव्हा मुलीनं निकालही तसेच बिनचूक द्यावेत असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मी लेखी पास झाले, मुलाखतीला गेले. तिथं एका साहेबांनी एक प्रसंग सांगितला, अमक्याच्या घरात तमक्याची वस्तू सापडली, तर तुम्ही काय निकाल द्याल? मी विचारलं, घराला कुलूप होतं का? वस्तू पहिल्यांदा कुणाला दिसली? तेव्हा घरात आणखी कोण होतं? चौथा प्रश्न तोंडातून निघेपर्यंत साहेब म्हणाले, "मॅडम, इथं प्रश्न आम्ही विचारायचे असतात." झालं, तिथंच माझी न्यायाधीशकी संपली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ही खोड मला कधी लागली ते मला नेमकं माहीत आहे. सहावीत असताना वर्गातल्या एका मुलीचं पैंजण हरवलं. बाई सरळ माझ्या बाकापाशी आल्या आणि माझं दप्तर जमिनीवर उलटं केलं. सबंध वर्गात फक्त माझं. मी विचारलं, "माझंच का, बाई?" त्या म्हणाल्या, "दुसरं कोण असणार?" आमची गल्ली कुठली हे बाईंना ठाऊक होतं, एवढं सांगितलं की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पैंजण संध्याकाळी त्या मुलीच्याच मोज्यात सापडलं. मला माफीबिफी नको होती. मला राग याचा आला होता, आणि अजून येतो, की मोजे बघितले का, एवढा साधा प्रश्न कुणी त्या मुलीला विचारला नव्हता.

वकील झाल्यावर आधी तीन वर्षं दिवाणी केलं. भावाभावांच्या वाटण्या, अर्ध्या गुंठ्याचे दावे, तारीख पे तारीख. जांभया देऊन देऊन माझा जबडा दुखायला लागला होता. मग गणपतराव वकिलांकडे गेले. सत्तरीचे गृहस्थ, आवाज असा की कोर्टात बोलले तर बाहेरच्या चहावाल्याला ऐकू जावं. त्यांच्या हाताखाली मी पहिल्यांदा उलटतपास बघितला आणि वेडी झाले. साक्षीदार छाती काढून उभा असतो, सगळं पाठ करून आलेला असतो, आणि एक साधा, सरळ, छोटासा प्रश्न त्याच्या पाठांतराला भोक पाडतो. मला वाटलं, अरे, ह्यासाठी लोक पैसे देतात? गणपतरावांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. एक, फाईल तीनदा वाचायची. दुसरी, "उत्तर मिळालं की खाली बस, पोरी. आणखी एक इचारायचा मोह झाला तर जीभ चाव." पुढं मी विधी सेवेच्या यादीवर नाव नोंदवलं. ज्यांना वकील लावणं जमत नाही अशा आरोपींची कामं सरकार त्या यादीतल्या वकिलांना देतं. त्यातूनच जोतीरामची फाईल माझ्याकडे आली.

जोतीराम कळंब्याच्या पुढच्या एका गावचा शेतकरी, वय शेहेचाळीस. आरोप खुनाच्या प्रयत्नाचा. गेल्या वर्षी अकरा नोव्हेंबरला संध्याकाळी सहा वाजता, कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर, अमरसिंह नावाच्या मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या डोक्यात कुणीतरी मागून लोखंडी कटावणी घातली. अमरसिंह वाचला. शुद्धीवर येताच त्यानं जोतीरामचं नाव घेतलं. दोघांची शेतं लागून, बांधावरून जुनं भांडण, आणि दोनच दिवस आधी ग्रामपंचायतीसमोर जोतीराम चारचौघांत ओरडला होता, "तुझं डोस्कं फोडतो का न्हाय बघ!" पोलिसांनी त्याच रात्री त्याला उचललं. जामीन दोनदा फेटाळला गेला. दोष शाबीत झाला तर दहा वर्षं, आणि मूळ वकिलानं फाईल परत केलेली. सहा महिने तो कळंबा जेलमध्ये बसून होता तेव्हा मी त्याला पहिल्यांदा भेटले.

पहिल्या दोन भेटींत त्यानं मला एकच वाक्य ऐकवलं. "मी धारला बसलतो." पोलिसांना हेच सांगितलं, पहिल्या वकिलाला हेच. पोलिसांच्या कागदात त्याचं झालं होतं, 'आरोपी घरी असल्याचे सांगतो.' म्हणजे काहीच नाही. सगळेच आरोपी घरी असतात.

तिसऱ्या भेटीत पंधरापैकी बारा मिनिटं संपली होती आणि मी वैतागले होते. म्हटलं, "जोतीरामदादा, धार काय, वहिनींनी काढली असेल आणि तुम्ही कागलला गेला असाल. सरकारी वकील हेच म्हणणार. मी काय सांगू त्यांना?"

जोतीराम पहिल्यांदाच हसला. "शेवंती? बिजलीची धार?"

"बिजली कोण?"

"म्हस की माझी. हात लावू देती व्हय ती! लाथ घालती, न्हायतर दूध चोरती. माझ्याबिगर कुणाला थेंब देत न्हाय. माझा चुलतभाऊ बसलता एकदा, दोन दात गेलं त्येचं."

माझे कान गरम झाले. खरंच झाले, मी हात लावून बघितला. "हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलं? म्हशीचं कोण इचारतंय?"

मी आणखी काही विचारणार तोवर शिपाई म्हणाला, वेळ संपली. मी स्कूटरवर बसले ती थेट त्याच्या गावात. वाटेत कळंब्याचा तलाव कधी गेला मला कळलं नाही.

गावातली दूध डेअरी जोतीरामच्या गोठ्यासमोरच, शंभर पावलांवर. तिथले सचिव बाबासो. कुठलंही काम करताना आधी 'च्यामारी' म्हणणारा माणूस. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. हल्ली दुधाची नोंद मशीनवर होते, कुणाच्या खात्याला किती लिटर, फॅट किती, आणि वेळ, मिनिटापर्यंत. मी म्हटलं, अकरा नोव्हेंबर, संध्याकाळ.

"च्यामारी, हे बघा. जोतीराम, म्हशीचं दूध, साडेसहा लिटर. सहा एकवीस. आन् परत सहा सत्तावीस."

"दोनदा का?"

"फेस हुता की. ताजं दूध असलं का फेस असतोय, मशीन फॅट चुकीचं दावतंय. म्हणून मी थांबाय सांगून परत लावलो."

म्हणजे दूध नुकतंच पिळलेलं होतं! घेऊन शेवंताबाई आल्या होत्या, रोजच त्या आणायच्या, त्यामुळं जोतीरामला तिथं कुणी बघितलेलं नव्हतं. पण पिळलं कुणी? म्हैस जर एकाच हाताला दूध देत असेल, तर सहाच्या सुमाराला तो हात गोठ्यात होता. तिथून एमआयडीसीचा रस्ता पंधरा किलोमीटर. मी म्हटलं, "आता बारा तारीख दाखवा. ह्यांना पकडल्यानंतरची."

बाबासोंनी बोट फिरवलं. बारा, काही नाही. तेरा, नाही. चौदा, नाही. गाईचं दूध येत होतं, म्हशीचं शून्य. अठरा तारखेपर्यंत मी बघितलं. जोतीराम आत गेला आणि बिजलीचं दूध बंद झालं! मी अकरा ते अठराच्या पावत्या सही-शिक्क्यानिशी मागून घेतल्या आणि डेअरीच्या दारात अक्षरशः उडी मारली. दूध घालायला आलेल्या दोन बायका बघून हसल्या.

गोठ्यासमोर शेवंताबाई शेण भरत होत्या. बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. मी विचारलं, "वहिनी, बिजली तुम्हाला दूध देते का?"

"न्हाय ओ. ती फकस्त ह्येंनाच देती."

मला हवं होतं ते उत्तर मिळालं, आणि मी गणपतरावांचा नियम पाळून गप्प बसले. तो नियम साक्षीदारासाठी होता, स्वतःच्या बाजूच्या माणसासाठी नव्हता, हे मला कळायला पुढचे चार महिने जावे लागले.

खटला या ऑक्टोबरात उभा राहिला. सरकारी वकील विश्वजित, चाळिशीचे, इस्त्रीतला माणूस, बोलणं मऊ आणि घाव खोल. त्यांनी आधी अमरसिंहला उभं केलं. डोक्यावर टाके पडलेला जखमी माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की अर्धा खटला सरकार तिथंच जिंकतं. मी उलटतपासाला उठले.

"तुम्ही मारणाऱ्याचं तोंड बघितलं?"

"मागनं मारलं की. तोंड कसं दिसंल?"

"आवाज ऐकला?"

"न्हाय."

"मग तो जोतीराम होता, हे कशावरून म्हणता?"

"दुसरं कोण असणार?"

कोर्टात पंखा फिरत होता, टायपिस्ट टकटक करत होता, आणि मी सहावीच्या वर्गात उभी होते. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं. त्याऐवजी मी म्हटलं, "एवढंच, साहेब," आणि खाली बसले. अमरसिंह खोटं बोलत नव्हता, त्याला मनापासून तसंच वाटत होतं. आणि अशा मनापासून वाटण्यावर माणसं दहा वर्षं आत जातात.

मग आमची बाजू आली. बाबासो आले, पावत्या दाखवल्या, दोन नोंदी, फेस, सगळं. विश्वजित सरांनी विचारलं, पाच वाजता पिळून ठेवलेलं दूध सहाला आणलं नसेल कशावरून? बाबासो म्हणाले, "च्या... साहेब, तासाभरात फेस राहतोय व्हय? कोमट हुतं दूध, मी हात लावलो की भांड्याला." न्यायाधीश साहेबही हसले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग मी शेवंताबाईंना बोलावलं. बिजली कुणाला दूध देते? ह्येंनाच. धार कोण काढायचं? ह्येच. त्या दिवशी? ह्येच, मी चरवी घेऊन डेअरीत गेलो. आमच्याकडच्या बायका 'मी गेलो' म्हणतात तशाच त्या म्हणाल्या, साहेबांनी ते 'गेले' असं लिहून घेतलं. मी बसले. जिंकल्यातच जमा होतं.

विश्वजित सर उठले आणि त्यांनी फाईलमधून एक लांबलचक कागद काढला. माझ्या पावत्या आठ दिवसांच्या होत्या. त्यांनी डेअरीतून अख्ख्या नोव्हेंबर महिन्याचा तक्ता मागवला होता.

"बाई, हा तुमच्याच डेअरीचा कागद. पंचवीस नोव्हेंबर. म्हशीचं दूध, पाच लिटर. सव्वीसला सव्वापाच. तीसला सहा. तेव्हा तुमचे मालक कुठं होते?"

"कळंब्याला. आत."

"मग हे दूध कुणी काढलं?"

शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं. आरोपीच्या पिंजऱ्यात जोतीरामनं गज घट्ट धरले होते. तो बायकोकडे असा बघत होता, जणू तिनं आत्ताच्या आत्ता काहीतरी खोटं बोलावं.

"मी काढलो," शेवंताबाई म्हणाल्या.

मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. विश्वजित सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे म्हैस तुम्हालाही दूध देते."

"न्हाय. मला कुठं देती?"

"आत्ताच म्हणालात ना, मी काढलं?"

"मी काढलो, पर ती मला देत न्हाय." त्यांची मान खाली गेली. "मी ह्येंचा सदरा घालतो. टोपी घालतो. खिशात तंबाखूची पिशवी ठेवतो. गोठ्याचं दार लावून घेतो, कुणाला दिसाय नको म्हणून. मग तिला वाटतंय ह्येच बसल्यात."

"आणि तेवढ्यानं देते?"

"आन् शिव्या द्याय लागत्यात."

साहेबांनी चष्मा वर केला. "शिव्या?"

"ह्ये धार काढताना तिला शिव्या देत्यात, साहेब. रोज. त्या दिल्याबिगर ती पान्हा सोडत न्हाय. त्या तशाच द्याय लागत्यात, ह्येंच्यागत." शेवंताबाईंचा चेहरा लाल झाला होता. "आता कोर्टात सांगू व्हय कुठल्या?"

सगळं कोर्ट हसलं. टायपिस्टचे हात थांबले. हसले नाहीत फक्त तिघं, जोतीराम, मी आणि विश्वजित सर. सर शांतपणे म्हणाले, "नको. म्हणजे सदरा घालून तुम्ही दूध काढू शकता. मग अकरा तारखेलाही तुम्हीच सदरा घालून काढलं आणि तुमचे मालक कागलला होते. माझं झालं, साहेब."

हाता-तोंडाशी आलेला घास गेला होता, आणि मीच घालवला होता. चार महिने ही बाई माझ्यासमोर बसत होती, चहा देत होती, आणि आता धार कोण काढतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं! सगळ्या जगानं प्रश्न विचारले नाहीत म्हणून चिडणारी मी, मलाच हवं ते उत्तर मिळाल्यावर गप्प बसले होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. साहेबांनी विचारलं, "फेरतपास?" मी यांत्रिकपणे तो महिन्याचा तक्ता हातात घेतला. खरं तर वेळ काढायला म्हणून.

आणि मला दिसलं. बारा, शून्य. तेरा, शून्य. अठरा, शून्य. एकोणीस, वीस, तिथंही शून्य. एकवीस, दीड लिटर. बावीस, अडीच. पंचवीस, पाच. दूध एकदम आलं नव्हतं. कुणीतरी शिकत गेलं होतं! मी तक्ता हातात घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ गेले.

"शेवंताबाई, सदरा पहिल्यांदा कवा घातलासा?"

मी कोर्टात कधी घरची भाषा बोलत नाही. तेव्हा बोलले.

"धाव्या दिवशी. आक्का आलती त्या दिवशी."

"आक्का कोण?"

"माझी थोरली भन, निपाणीला असती. बघाय आलती मला. बिजली आटाय लागलीया म्हणून मी रडत हुतो. तिनं सांगितलं, दाजींचा सदरा घाल म्हणून. त्येंच्याकडं असंच करत्यात म्हणं. पयल्यांदा मी न्हायच म्हणलो. नवरा जित्ता असताना त्येचं कापड बायकुनं घालायचं? पर म्हस आटली असती."

"त्याआधी नऊ दिवस काय केलं?"

"काय करतो? रोज चरवी घेऊन बसायचो, लाथ खायाचो. रेडकू पीत हुतं तेवढंच. सुचलंच न्हाय की मला. सुचलं असतं तर नऊ दिस दूध घालवलो असतो व्हय?"

तोंडाशी आणखी एक प्रश्न आला होता. फार छान होता. मी जीभ चावली आणि खाली बसले.

विश्वजित सर उठून काहीतरी म्हणणार होते, पण साहेबांनीच तो तक्ता मागून घेतला आणि बोट लावून बारापासून एकवीसपर्यंत एकेक ओळ वाचली. दोनदा वाचली. त्यांचा चेहरा बघून मला काही कळलं नाही, पण टायपिस्टला कळलं असावं, कारण तो माझ्याकडे बघून हळूच हसला.

युक्तिवादाला मी उभी राहिले तेव्हा मला कागद लागला नाही. म्हटलं, साहेब, हा तक्ता माझा नाही, सरकार पक्षानं दाखल केलाय. बिजलीला फसवण्याची युक्ती ज्या बाईला अकरा तारखेला ठाऊक होती, ती बारा ते वीस रोज लाथा खात बसेल का? नऊ दिवस दूध नाही, याचा अर्थ नऊ दिवस युक्ती नाही. मग अकराला साडेसहा लिटर कुणी काढलं? विश्वजित सर म्हणाले, हा बनाव आहे, मुद्दाम नऊ दिवस दूध काढलं नाही. मी म्हटलं, बनाव करायचा होता तर दहाव्या दिवशी काढून मोडला कशाला? आणि तेव्हा म्हशीचा विचार कुणाच्या डोक्यात होता? पोलिसांच्या नव्हता, पहिल्या वकिलांच्या नव्हता, माझ्या तर सात महिन्यांनी आला. बोलता बोलता मला इतका आनंद होत होता की मी हसतेय की काय अशी शंका येऊन मी दोनदा तोंड पुसलं. एक माणूस दहा वर्षांच्या उंबऱ्यावर उभा आहे आणि आपल्याला आनंद होतोय, याची लाजही वाटली. पण खोटं कशाला बोलू? त्या वेळी मला कुणी सुप्रीम कोर्टाची खुर्ची देऊ केली असती, तरी मी माझ्या जागेवरून हलले नसते.

निकाल बारा दिवसांनी लागला. साहेबांनी शेवटचा परिच्छेद वाचला. जखमी साक्षीदारानं आरोपीला पाहिलेलं नाही. घटनेच्या वेळी आरोपी आपल्या गोठ्यात होता हा बचाव कागदोपत्री पुराव्यानं शाबीत होतो. सबब आरोपीची निर्दोष मुक्तता. जोतीरामला त्यातलं काही कळलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याजवळ गेले. मान हलवली, व्हय म्हणून. त्यानं गज सोडले आणि पिंजऱ्यातल्या बाकावर मटकन बसला.

अमरसिंह बाहेर व्हरांड्यात उभा होता. मला म्हणाला, "मग मला मारलं कुणी, बाई?" त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मी म्हटलं, "तेच पोलिसांना विचारा. वर्षभर त्यांनी दुसऱ्या कुणाला शोधलंच नाही." त्याच्यासाठी मला खरंच वाईट वाटलं. विश्वजित सर मागून आले, म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी मी महिन्याचा तक्ता मागवणार नाही." मी म्हटलं, "मी मागवणार, सर." दोघंही हसलो. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "म्हशीचं एवढं डोक्यात कसं आलं तुझ्या?" आणि मग, "संध्याकाळी येताना पेढे आण." त्यांनी माझ्या निकालासाठी पेढे मागण्याची ही पहिलीच वेळ होती.

कागदपत्रं होऊन जोतीराम साडेचारला कळंबा जेलच्या दारातून बाहेर आला. हातात कापडी पिशवी, अंगात अटकेच्या दिवशीचे कपडे, ते आता दोन माणसं मावतील एवढे सैल झालेले. शेवंताबाई पुढं गेल्या आणि त्याच्यासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "शिव्या देतीस व्हय गं तिला?" आणि ती बाई चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर ढसाढसा रडली. मी रस्त्याच्या पलीकडे बघत राहिले.

मग तो माझ्याकडे वळला. हात जोडले, पण लगेच सोडले. काहीतरी विचारायचं होतं त्याला.

"वकीलबाई, खरं सांगा. तुमास्नी ठाऊक हुतं का, मी न्हाय केलं त्ये?"

हो म्हणणं किती सोपं होतं! त्यालाही बरं वाटलं असतं, मलाही. पण मी त्याची फाईल तीनदा वाचली होती, त्याचा ओरडा, त्याचा राग, बांधावरची जुनी मारामारी, सगळं. रात्री अंथरुणात पडून मी कितीदा तरी म्हटलं होतं, केलंही असेल यानं.

"नाही, दादा," मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं. तुम्ही केलं असेल असंही वाटायचं मला. मी नुसती विचारत गेले."

शेवंताबाईंनी डोळे पुसता पुसता माझ्याकडे चमकून बघितलं. जोतीरामनं मात्र मान हलवली.

"बरं झालं," तो म्हणाला. "गावात माझ्यावर इस्वास ठेवणारी लई माणसं हुती. जोतीराम असं करायचा न्हाय, म्हणायची. आन् घरात बसायची. इचारणारं एकबी नव्हतं."

आयुष्यात पहिल्यांदाच मला एकही प्रश्न सुचत नव्हता.

त्यानं पिशवी खांद्याला लावली, कोपऱ्यावरच्या रिक्षाला हात केला आणि बायकोला म्हणाला, "चल बिगीबिगी. धारची येळ हुतीया."